‘पूर्वीही प्रेक्षक गोंगाट करीतच होते’ : एका ऐतिहासिक सबबीची झडती (धागा)

नाट्यगृहात ऐन प्रयोगात मोबाइल वाजला आणि त्याची बातमी झाली, की समाजमाध्यमांवर दोन सूर हमखास उमटतात. पहिला सूर ज्येष्ठांचा : पूर्वीचा प्रेक्षक किती सुसंस्कृत होता, आजची पिढी किती उथळ आहे. दुसरा सूर रंगभूमीच्या इतिहासाची दोन-चार पुस्तके चाळलेल्या तरुणांचा : पूर्वी वन्समोअरच्या आरोळ्या उठत, शिट्ट्या वाजत, फेटे उडत, अंधारात चिडीचूप बसणे ही विलायती आणि अभिजनी रीत आहे, तेव्हा मोबाइलवरून गहजब करणे हे निव्वळ ढोंग.

पहिला सूर अज्ञानातून येतो. दुसरा अर्धवट ज्ञानातून येतो, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. इतिहासाच्या नावावर खपविलेली चूक इतिहासप्रेमींनीच खोडून काढावयास हवी; इतरांना ती चूक आहे हे कळणारही नाही.

पहिल्या सुराचा निकाल लवकर लावता येतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा समोर चिंतामणराव पटवर्धनांचा दरबार होता. तेथे शांतता असेल तर ती दरबाराची अदब होती, नाट्यगृहाची शिस्त नव्हे. १८५३ मध्ये भावे यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ करू लागली आणि अदबीची जागा पैशाने घेतली. ‘अललडुर्र’ करीत थयथयाट करणाऱ्या राक्षसांपुढे कुणी हाताची घडी घालून बसत नसे. मराठीत ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग रुजला, तो काही पिटातल्या मौनामुळे नव्हे. पुढे संगीत नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. इतका वेळ एका जागी मूक बसणारा समाज पृथ्वीतलावर कोठेही नव्हता. सुसंस्कृत, शांत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतील जुना प्रेक्षक हे बरेचसे स्मरणरंजन आहे.

आता दुसरा सूर. त्यातील पहिले विधान असे, की शांतता ही विलायतेतून आयात झाली. विलायतेतील प्रेक्षकांचा इतिहास पाहिला तर हसू येते. १८०८ साली जळालेले लंडनचे कव्हेंट गार्डन नाट्यगृह पुढच्या वर्षी नव्याने उभे राहिले आणि तिकिटांचे दर वाढले, तेव्हा प्रेक्षकांनी सलग ६७ प्रयोग भोंगे, घंटा, खुळखुळे आणि आरडाओरडा यांनी बुडवले. शेवटी व्यवस्थापक व थोर नट जॉन केंबल याला नमते घ्यावे लागले. न्यू यॉर्कमध्ये १८४९ साली ‘मॅकबेथ’ करणारा इंग्रज नट श्रेष्ठ की अमेरिकन, या वादातून अॅस्टर प्लेस येथे दंगल उसळली, लष्कराने गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मेली. पॅरिसच्या कॉमेदी फ्रांसेजमध्ये तर श्रीमंत प्रेक्षक रंगमंचावरच खुर्च्या टाकून बसत; ती चाल मोडायला १७५९ साल उजाडावे लागले.

युरोपातही अंधार आणि शांतता उशिराच आली. वाग्नरने १८७६ साली बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात प्रेक्षागृहातील दिवे जवळजवळ मालवून टाकले, तेव्हा तिकडच्या उमरावांनाही ते चमत्कारिक वाटले. कारण नाटकाला जाण्याचे अर्धे कारण इतरांनी आपल्याला पाहावे हे होते. १८७६ म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’च्या अवघी चार वर्षे आधी. जी रीत खुद्द युरोपात नवी होती, ती इंग्रजांनी शतकभर आपल्यावर लादली असे म्हणणे हा कालगणनेचाच घोटाळा आहे.

शांततेचा विचार भारतीय नाही, हे दुसरे विधान. येथे मात्र थोडे थांबावयास हवे, कारण हे विधान करणाऱ्यांनी भरताचे नाव घेतलेले असते पण त्याचे नाट्यशास्त्र उघडलेले नसते.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायाचा विषय आहे सिद्धी, म्हणजे प्रयोगाचे यश. ते यश ओळखायचे कसे? भरत नटाला विचारत नाही, नाटककाराला विचारत नाही; तो प्रेक्षकाकडे पाहतो. मानुषी सिद्धीच्या खुणा त्याने बारकाईने नोंदविल्या आहेत. काही वाणीच्या : स्मित, हास्य, मोठे हास्य, ‘साधु’ असा उद्गार, विस्मयाच्या जागी ‘अहो’, करुणाच्या जागी ‘कष्टम्’, आणि अखेर साऱ्या सभेचा एकवटलेला नाद. काही शरीराच्या : रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, अंगावरचे वस्त्र आणि बोटातील अंगठी नटाला देऊन टाकणे. फेटा उडविणाऱ्याला याहून जुने प्रमाणपत्र मिळणार नाही. तमाशातील दौलतजादा याच कुळातील.

पण भरत येथेच थांबत नाही. मानुषीच्या वर तो दैवी सिद्धी ठेवतो. तिची लक्षणे कोणती? भावांची परिपूर्णता, आणि प्रेक्षागृह गच्च भरलेले असून जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, कसलाही उत्पात नाही, ती स्थिती. अभिजनांचा आणि विलायतेचा संबंध येण्याच्या कितीतरी शतके आधी, भरलेल्या नाट्यगृहातील निःशब्दता हे प्रयोगाचे सर्वोच्च यश आहे, असे या भूमीत लिहून ठेवलेले आहे.

कालिदासालाही ते ठाऊक होते. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या प्रस्तावनेत नटीचे गाणे संपते आणि सूत्रधार सभेकडे पाहून म्हणतो, की रागाने चित्त हरपलेली ही सारी रंगसभा जणू चित्रात काढून ठेवल्यासारखी झाली आहे. इतका जुना हा अनुभव.

त्याच अध्यायात भरताने आणखी एक भेद केला आहे, आणि या साऱ्या वादाची किल्ली तो भेदच आहे. सिद्धीनंतर तो ‘घात’ सांगतो, म्हणजे प्रयोगाची हानी करणाऱ्या गोष्टी. वारा, पाऊस, आग, हत्ती, साप, किडेमुंग्या हे दैवी घात. नटाच्या स्वतःच्या चुका हे आत्मसमुत्थ घात. आणि मत्सराने किंवा वैराने इतरांनी केलेले ते परसमुत्थ : आरडाओरडा, गलका, शेण आणि ढेकळे फेकणे. म्हणजे आवाजाला आवाज म्हणून भरताचा विरोध नाही. ‘अहो’ हाही आवाजच आहे आणि गलका हाही आवाजच. पहिला सिद्धीच्या यादीत आहे, दुसरा घाताच्या. फरक आवाजाच्या पट्टीत नाही. तो कोणत्या दिशेने आणि कशातून निघाला, यात आहे. (आदर्श प्रेक्षकाचे गुण सांगून झाल्यावर, हे सारे गुण एकाच माणसात कधी सापडत नाहीत, असेही भरताने मान्य केले आहे. शास्त्रकार व्यवहारी होता.)

हा भेद घेऊन संगीत रंगभूमीकडे पाहिले, की वन्समोअरचे खरे रूप दिसते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले आणि पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्र पदांनी वेडा झाला. बालगंधर्वांच्या एकेका पदाला पुनःपुन्हा वन्समोअर मिळत, हे सर्वश्रुत आहे. परंतु वन्समोअर कधी येई? पद संपल्यावर. दाद कोठे जाई? समेवर. अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलजी साथीला असताना चुकीच्या मात्रेवर ‘वाहवा’ म्हणणाऱ्याकडे शेजारचे वळून पाहत. ती दाद द्यायला आधी ऐकावे लागे, आणि ऐकण्यासाठी गप्प बसावे लागे. प्रेक्षकाची आरोळी ही त्याने मन लावून ऐकल्याची पावती होती.

त्या प्रथेने नाटकाचे नुकसान केले नाही असे मुळीच नाही. कथानक खोळंबे, प्रसंगाचा ताण जाई, विरहाने व्याकूळ नायिका टाळ्यांसाठी पुन्हा पहिल्या ओळीवर येई. १९०४ साली निघालेल्या महाराष्ट्र नाटक मंडळीने गद्य नाटकाची वेगळी वाट धरली, तेथे कान शब्दाकडे लागले. तिनेच केलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसू लागला, सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली. सरकारला भय आरोळ्यांचे नव्हते. प्रत्येक वाक्याचा गर्भितार्थ टिपणाऱ्या कानांचे होते. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणली, आणि घरातल्या खोलीत घडणारे, साध्या बोलण्यातून उलगडणारे नाटक आले. अशा नाटकात उसासाही अर्थ सांगतो. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा तर मधल्या रांगांनी स्तब्ध राहणे भाग होते. शांतता ही त्या नाट्यप्रकाराची तांत्रिक गरज होती. कुणा साहेबाने लावलेले वळण नव्हते.

आता मोबाइल. तो भरताच्या कोणत्या यादीत बसतो? वाजणाऱ्या मोबाइलचा रंगमंचावरील घटनेशी कसलाही संबंध नसतो. तो समेवर येत नाही, करुणावर येत नाही, विनोदावर येत नाही. तो येतो कुणाच्या तरी बँकेकडून. उडवलेला फेटा रंगमंचाच्या दिशेने जातो. खाली मान घालून उजळलेला चेहरा रंगमंचापासून दूर जातो. शिट्टी मारणारा पिटातला मजूर नाटकात होता. संदेश वाचणारा पहिल्या रांगेतील गृहस्थ नाटकात नाही. या दोघांना एका परंपरेत बसविणे म्हणजे त्या मजुराचा अपमान आहे.

दिव्यांचाही प्रश्न आहे. तेल, गॅस आणि हंड्यांच्या काळी प्रेक्षागृह अर्धवट उजेडातच असे. कुणी पानाचा डबा उघडला तर नटाच्या डोळ्यांवर त्याचा परिणाम होत नसे. विजेने अंधार शक्य केला आणि त्या अंधारात आजचा नट उभा असतो. पाचव्या रांगेत पेटलेला पडदा त्याला समोरच्या सहकलाकाराइतकाच स्पष्ट दिसतो. २०१९ साली सुबोध भावे यांनी ‘अश्रूंची झाली फुले’च्या प्रयोगात वाजणाऱ्या फोनांना वैतागून नाटकात काम करणेच थांबविण्याची भाषा जाहीरपणे केली, तेव्हा अनेकांनी त्यांना नाजूक ठरविले. तिकीट काढले आहे, असेही सुनावले गेले.

तिकिटाचा हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याला ‘मायबाप प्रेक्षक’ या शब्दाने बळ दिले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द करण्याचा मार्ग खुला असूनही त्यांनी रसिकांचा विरस होऊ नये म्हणून रंग लावला आणि भामिनी उभी केली. त्या रात्री समोर बसलेल्यांनीही पैसेच मोजले होते. मायबाप म्हणवून घेणाऱ्याने दुसऱ्या बाजूचा हा ताळेबंद एकदा वाचावा.

तरुणांच्या सुरातील एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. शिष्टाचाराच्या नावाखाली माणसे हाकलण्याचे काम सगळीकडेच झालेले आहे. लावणीला शिट्टी वाजली की नाके मुरडणारे तेच, नाट्यगीताला मान डोलावणारे तेच. रडणारे मूल घेऊन आलेली आई, खोकला न आवरणारा म्हातारा, चुकीच्या जागी मोठ्याने हसणारा नवखा, यांच्यावर जे डोळे वटारले जातात त्यात रसिकता कमी आणि मिजास जास्त असते. कोकणातल्या दशावताराला रात्रभर बसलेल्या गावाला बायरॉइटचे नियम लावणे हास्यास्पद होईल. पण या अन्यायाचा दाखला देऊन मोबाइलचा बचाव करता येत नाही. मोबाइल चालविणारे बहुधा महागड्या तिकिटांच्याच रांगांत असतात.

राहिला चित्रीकरणाचा मुद्दा. ‘जतन व्हावे म्हणून’ प्रयोगाचे तुकडे टिपतो, असे सांगितले जाते, आणि इतिहासप्रेमींना हे पटकन पटते. बालगंधर्वांचे उदाहरण येथेही उपयोगी पडते. ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटानंतर ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटासाठी त्यांचे नाटकच कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले. ज्या भूमिकेला नाट्यगृहात गर्दी लोटत होती, ती पडद्यावर निष्प्राण ठरली. अनुभवी कॅमेऱ्याच्या हाती जे लागले नाही, ते दहाव्या रांगेतून हलत्या हाताने काढलेल्या चाळीस सेकंदांत लागेल कसे? त्या काळचे प्रेक्षक नाटक दुसऱ्या मार्गाने जपत. पदे पाठ करीत घरी जात, ताना घोळवीत, आणि चाळीच्या जिन्यावर दुसऱ्या दिवशी ती पदे पुन्हा ऐकू येत. ध्वनिमुद्रिका विकत घेऊन घासून घासून ऐकत. चित्रीकरण करणाऱ्याला पद पाठ होत नाही. त्याने ते ऐकलेलेच नसते.

मराठी नाट्यगृहात आजही तीन घंटा होतात. तिसऱ्या घंटेनंतर दिवे मंदावतात आणि पूर्वी जेथे नांदी येई, तेथे आता आधी एक ध्वनिमुद्रित विनंती येते : भ्रमणध्वनी बंद ठेवावेत. सभागृहात क्षणभर शेकडो पडदे उजळतात, मालवतात. दोन-तीन उजळलेलेच राहतात. पडदा वर जातो.