मार्कोनीवरची शंका रास्तच होती

लांब पल्ल्याच्या बिनतारी यंत्रणेचा एखादा अचाट दावा पुढे आला आणि कुणी पुरावा मागितला, की ठरलेले उत्तर येते : 'मार्कोनीवरही लोकांनी अविश्वास दाखवला होता!' हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. मार्कोनीचा इतिहास नीट पाहिला तर तो शंका घेणाऱ्यांच्याच बाजूने साक्ष देतो.

12 डिसेंबर 1901 रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पतंगाने वर चढवलेली तार ही त्याची अँटेना होती. सुमारे 3,400 किलोमीटरवरच्या, इंग्लंडमधल्या पोल्धू केंद्रातून निघालेली मोर्सची तीन टिंबे आपण ऐकली, असे त्याने जाहीर केले. ऐकणारे दोघेच : तो आणि त्याचा सहायक केम्प. कागदावर काहीही उमटले नव्हते. वेळ भरदुपारची, आणि वातावरणातल्या खरखरीत तीन टिंबांचा भास व्हायला कितीसा वेळ लागतो? एवढ्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांना कोत्या मनाचे ठरवणे अन्यायाचे आहे.

खुद्द मार्कोनीने त्यांना तसे ठरवले नाही. फेब्रुवारी 1902मध्ये 'फिलाडेल्फिया' जहाजावर त्याने टिंबे कागदी पट्टीवर उमटवणारे यंत्र लावले आणि कप्तानाला साक्षीला घेतले. रात्री पूर्ण संदेश सुमारे अडीच हजार किलोमीटरपर्यंत आले, नुसती टिंबे त्याहूनही लांबवर. दिवसा मात्र अकराशे किलोमीटरच्या आसपास सगळे थंडावले. दिवस-रात्रीचा हा फरक प्रथमच असा लख्ख दिसला. शंकेने बिनतारी विद्येचे नुकसान केले नाही, तिला नवे ज्ञान दिले. आणि सिग्नल हिलवरच्या त्या दुपारच्या टिंबांबद्दल काही जाणकार आजही साशंक आहेत, ते याच आकड्यांमुळे.

दुसरा आक्षेप असा, की भौतिकशास्त्राचे नियम पुढे करून नव्याची वाट अडवली जाते. पण लांब पल्ला अशक्य आहे, असे म्हणतो कोण? व्हॉयेजर-1चा प्रेषक वीस-बावीस वॅटचा, तरी 24 अब्ज किलोमीटरपलीकडून त्याचा संदेश येतो. त्यासाठी सेकंदाला जेमतेम 160 बिटांवर समाधान मानावे लागते आणि जमिनीवर 70 मीटर व्यासाची थाळी उभारावी लागते. मोकळ्या अवकाशातही अंतर दुप्पट झाले की हाती येणारी शक्ती चौथाई उरते. बँडविड्थ आणि गोंगाट मिळून वेगाला कमाल मर्यादा घालतात, हे क्लॉड शॅननने 1948मध्ये सिद्ध केले. कमी वीज, छोटी अँटेना, अफाट पल्ला आणि भरपूर वेग हे सगळे एकदम देऊ करणाऱ्याने पदरचे काय मोजले, ते सांगायलाच हवे.

'सांगितले तर गुपित फुटेल', ही सबब तर मुळीच टिकत नाही. डबा उघडायला कुणी सांगत नाही. वारंवारता, शक्ती, अँटेनेची उंची, सेकंदाला किती बिट आले, त्यांत चुका किती, हे सारे बाहेरूनच मोजता येते. फक्त मोजणारी माणसे कंपनीच्या पगारावरची नसावीत, आणि जागाही त्यांनीच निवडावी. सरकारी पैसा मागणाऱ्याने ही चाचणी निविदा निघण्याआधीच दिली पाहिजे.