पडदा नव्हे, नकाशा बघून घ्या

२४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईच्या समुद्रात शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली एक स्पीड बोट खडकावर आदळून बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. 

पाण्याखालचा खडक डोळ्यांना दिसत नाही, नकाशात दिसतो. तरीही बोटीसाठी जीपीएस घेताना चौकशी होते ती पडदा किती इंचांचा, याची. आत नकाशा कोणाचा आणि तो आणखी दहा वर्षे मिळणार का, हे क्वचितच कोणी विचारतो.

विचारायला हवे, कारण बाजार आक्रसतो आहे. नॅव्हिऑनिक्स ही नकाशे बनवणारी इटालियन कंपनी २०१७ मध्ये जीपीएस यंत्रे बनवणाऱ्या गार्मिनने विकत घेतली. सी-मॅपचे नकाशे आणि लोरान्स, सिमराडची यंत्रे २०२१ पासून ब्रन्सविक या एकाच मालकाकडे आहेत. म्हणजे यंत्र एकाचे आणि नकाशा त्याच्या स्पर्धकाचा, अशी वेळ ग्राहकावर येऊ शकते. त्या दोघांचे फाटले, तर भुर्दंड बोटमालकालाच.

कागदाचा आधारही डळमळीत आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ पर्यंत पारंपरिक कागदी सागरी नकाशे बंद केले. ब्रिटनने २०२६ अखेरची मुदत जाहीर केली होती; ओरड झाल्यावर ती किमान २०३० पर्यंत लांबली. मोठ्या जहाजांवर १ जानेवारी २०२९ पासून नव्याने बसणाऱ्या नकाशायंत्रांना एस-१०० हा नवा साचा बंधनकारक आहे. लहान बोटींना ती सक्ती नाही, पण बाजाराचा ओघ तिकडेच वळणार.

म्हणून यंत्र घ्यावे ते एकाहून अधिक कंपन्यांचे नकाशे वाचणारे. त्याहून मोलाची असतात बोटीच्या तांडेलाने वर्षानुवर्षे यंत्रात साठवलेली ठिकाणे: मासळी लागते ती जागा, जाळे फाडणारा खडक, बुडालेल्या गलबताचा सांगाडा. ती साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येत नसतील, तर ते यंत्र सवलतीतही महागच. पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच ती काढून दाखवायला सांगावी.

सरकारचे काय? ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघरमध्ये सुमारे ३६० कोटींच्या योजनेचा प्रारंभ केला. तीत एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवायचे ठरले. संकटात निरोप जावा, वादळाचा इशारा मिळावा, यासाठी ते चांगलेच. पण तळाची खोली आणि खडक दाखवणे हे त्यांचे काम नव्हे. ती माहिती देहरादूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाकडे असते. अमेरिका आपले अंकीय सागरी नकाशे कोणालाही फुकट देते. करदात्यांच्या पैशांतून मोजलेला आपला समुद्र हर्णै-मिरकरवाड्याच्या मच्छीमारांनाही तसाच, कोणत्याही यंत्रात चालेल अशा रूपात मिळाला पाहिजे. एक लाख यंत्रे वाटणाऱ्या शासनाला हे जड जाऊ नये.