लाल शाई कुणाच्या अधिकारात?

नारायणगाव, घोडेगाव, आंबेगाव. या नावांच्या जुन्या पाट्यांवर अजूनही कुठे कुठे ‘गांव’ असा अनुस्वार दिसतो. आज पाचवीतल्या मुलाने तो दिला, तर आपण त्याखाली लाल रेघ ओढतो. १९६२पूर्वी तो न देणाऱ्याचे गुण जात. शब्द तोच, उच्चारही तोच. चूक मात्र एका मुलाकडून दुसऱ्याकडे गेली. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे १४ नियम ठरवले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, शासनाने ते स्वीकारले आणि पाठ्यपुस्तके बदलली. उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीने चिकटलेले अनुस्वार गेले. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘गुरु’चा ‘गुरू’. पुढे २००९च्या शासन निर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही ठरवून दिली.

शुद्धलेखन कोण ठरवते, या प्रश्नाला असे सरळ उत्तर आहे. काही जाणकार एकत्र बसले आणि त्यांनी ठरवले. हा लिहिणाऱ्यांचा आपसातला करार आहे. तो मोलाचा आहे, वर्गात तो नीट शिकवलाच पाहिजे.

व्याकरणाचे मात्र असे नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या दोघांनी मराठी घडवली नाही. लोक बोलत-लिहीत होते त्यातली व्यवस्था शोधून मांडली. प्रश्न एवढाच की कोणते लोक. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशासाठी राबलेले शास्त्री, मेजर कँडींच्या नजरेखालून गेलेली शाळेची पुस्तके, पुण्यातल्या शिकलेल्या घरांतली भाषा, या सगळ्यांतून एक साचा तयार झाला. छापण्यासाठी आणि शाळेसाठी कुठला तरी एक साचा हवाच होता. पण लिहिण्याच्या सोयीसाठी केलेली ही निवड पुढे बोलणाऱ्याच्या तोंडावरचा निकाल झाली, आणि तो निकाल रोज आपल्या हातून दिला जातो.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात मुले ‘माझी वही’, ‘तुझं घर’ याऐवजी ‘मपली वही’, ‘तुपलं घर’ म्हणतात. हे रूप एकदा व्याकरणाच्या तासाला घेतात तसे तपासून पाहा. आपला, आपली, आपले. तसेच मपला, मपली, मपले. आपल्या घरी, तसेच मपल्या घरी. लिंग सांभाळले आहे, वचन सांभाळले आहे, सामान्यरूपही बरोबर होते. ‘मपला वही’ असे ते मूल कधीच म्हणत नाही. म्हणाले तर त्याची आजीच त्याला सुधारेल. म्हणजे इथे नियम आहे, नियम पाळणारा समाज आहे आणि नियम मोडला तर टोकणारे माणूसही आहे. मग ही चूक कशी? ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिले, तर लेखनाचा करार मोडला, तिथे खूण करावी. ‘मपली’ हे बोलीचे रूप आहे, त्याच्याजवळ प्रमाण रूप ठेवावे. दोन्हींवर सारखीच फुली पडली की मुलाला समजते ते एवढेच, की आपले तोंड उघडले की चुकते. पहिली-दुसरीत महिनोन्‌महिने गप्प बसणारी महादेव कोळी आणि ठाकर मुले आश्रमशाळांतल्या शिक्षकांना वेगळी सांगायला नकोत.

हे सारे जुन्नरच्या परिसरात घडावे, याचे वाईट वाटते. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात वैदिक यज्ञांची आणि दक्षिणांची नोंद आहे, आणि ती संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. जुन्नरच्या लेण्यांतले दानलेखही प्राकृतात. त्या दात्यांत यवनसुद्धा आहेत. मराठीच्या अभिजात दर्जाच्या मागणीत नाणेघाटाचा दाखला दिला गेला, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दर्जा मिळाला. ज्या घाटमाथ्याचा दाखला आपण दिल्लीत देतो, त्याच घाटमाथ्यावरच्या मुलाला वर्गात ‘अशुद्ध बोलतोस’ म्हणणे आम्हाला पटत नाही.

यावर शिक्षक म्हणतील, दहावीच्या उत्तरपत्रिकेत ‘मपली’ चालणार आहे का? स्पर्धा परीक्षेत? नाही चालणार. म्हणूनच प्रमाण मराठी शिकवण्यात कसूर नको. ती न शिकवणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय ठरेल. आमचे म्हणणे क्रमाचे आहे. तोंडी कामात, गोष्ट सांगताना मुलाला मध्येच टोकू नये. निबंध तपासताना ऱ्हस्वदीर्घाची खूण वेगळी आणि बोलीरूपाची वेगळी ठेवावी. दुसरीजवळ समासात फक्त प्रमाण रूप लिहावे, गुण कापू नयेत. सहावी-सातवीत दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून त्यांतले साम्य मुलांनाच शोधू द्यावे. लेखननियमांनीही पात्राच्या तोंडी ‘असं केलं’, एरवी ‘असे केले’ अशी मुभा ठेवलेली आहे. प्रसंगानुसार रूप बदलते, हे मुलांना दाखवायला तो नियम चांगला उपयोगी पडतो.

डेक्कन कॉलेजने अलीकडे मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून गावोगावचे ध्वनिमुद्रित नमुने सर्वांसाठी खुले केले आहेत. ते वर्गात जरूर ऐकवावेत. जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांतले नमुने जमवण्यासाठी पुढच्या अंकापासून आम्ही दोन पाने राखून ठेवत आहोत. वर्गात ऐकलेले वाक्य जसेच्या तसे, गाव, बोलणाऱ्याचे वय आणि शेजारी प्रमाण रूप एवढे पाठवा. मुलाचे नाव लिहू नका.