भोगव्याला विमान जवळ, एसटी लांब

एका बाजूला निवतीचा किल्ला, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे पांढरी वाळू. खाडीपलीकडे देवबागला पर्यटकांची झुंबड, इकडे भोगव्याला मी, माझी सॅक आणि दोन कुत्री. स्वर्ग आहे हो!

पण पोचायचं कसं? जनरल डब्यातून कुडाळ, एसटीने परुळे. तिथे चहात रमलो आणि पुढची गाडी चुकवली. रिक्षाचं भाडं माझ्या एका रात्रीच्या खोलीएवढं. (त्याचंही बरोबर, परत रिकामंच यायचं.) चालत निघालो. वाटेत औषधांची पिशवी घेतलेल्या एक आजी, त्याही चालतच. म्हणाल्या, "गाडी गेली काय चलतच जावचा लागता, झिला."

७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. उत्तमच. पण गाडीच नसेल तर सवलत कुठे वापरायची?

चिपी विमानतळ परुळ्याला लागून, २०२१ ला सुरू झाला. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा १९९७ पासून. हिशेबात मात्र फक्त विमानवाले नि कारवाले. माझ्यासारखा फाटका पर्यटक दोन रात्री वाडीतच राहतो, तिथलंच मासे-भात-सोलकढी खातो, पैसे तिथेच ठेवून येतो. त्याला जी गाडी हवी, तीच आजींना हवी.

मागणी साधी आहे: मुंबईची गाडी आली की सकाळी कुडाळ-भोगवे थेट एसटी, संध्याकाळी परत. अर्ज लिहिलाय. परुळे-भोगव्याच्या मंडळींनो, सह्या करणार असाल तर खाली सांगा, पुढच्या आठवड्यात घेऊन येतो.