शाळेंतील मुलांचे दांत

हावड्याहून नागपूरकडे जाणारी आगगाडी भंडाऱ्याच्या उतारूंस ज्या स्टेशनावर उतरविते, त्यास भंडारा रोड असें नांव असलें तरी तें स्टेशन आहे वरठीस. स्टेशन, पोलादाचा मोठा कारखाना आणि सभोंवार धानाच्या बांध्या, ही या गांवाची ओळख. जेथें स्टेशन व कारखाना असतो तेथें व्यापार वाढतो, आणि जेथें व्यापार वाढतो तेथें हातावर पोट असलेलीं कुटुंबेंही येऊन राहतात. कोणी ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबतो, कोणी रोवणीच्या हंगामांत चिखलांत उतरते, कोणी घरीं बसून विड्या वळते. यांचीं मुलें बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेंत जातात. अशा मुलांच्या दांतांविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे. वरठीचें नांव आम्हीं घेतलें तें त्या गांवास दोष देण्यासाठीं नव्हे. जें तेथें लागू आहे तेंच तुमसरास, साकोलीस व पवनीसही लागू आहे.

दांतांसारख्या क्षुल्लक विषयावर रकाना कां खर्ची घालावा, असें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यांस आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, रात्रीं दोन वाजतां त्यांची स्वतःची दाढ ठणकूं लागली असतां ती त्यांस कधीं क्षुल्लक वाटली काय? जें मूल रात्रभर गाल धरून बसलें, तें सकाळीं वर्गांत पाढे कसे म्हणणार? ज्यास एका बाजूनें चावतां येत नाहीं, तें वाढत्या वयांत पोटभर कसें खाणार? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, दुधाचे दांत किडलेल्या मुलांची जगांतील संख्या ५१ कोटींवर दिलेली आहे. आपल्या देशांत २००२-०३ सालीं भारतीय दंत परिषदेनें जी पाहणी केली, तींतही पांच वर्षांच्या व बारा वर्षांच्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांचे दांत किडलेले आढळले. हा रोग श्रीमंताच्या घरास वगळतो असें नाहीं. परंतु श्रीमंताच्या मुलाची कीड वेळींच भरली जाते आणि गरिबाच्या मुलाची दाढ अखेर उपटली जाते. रोग एकच, शेवट मात्र निराळे.

‘कीड’ हा शब्दच मुळीं फसवा आहे. दाढेंत किडा शिरतो व तो ती पोखरतो, अशी समजूत अद्यापि अनेक घरांत आहे. वस्तुतः किडा वगैरे कांहीं नसतो. दांतांवर जो चिकट थर बसतो त्यांत सूक्ष्म जंतु असतात. आपण गोड खाल्लें म्हणजे हे जंतु साखरेपासून आम्ल तयार करितात, आणि त्या आम्लानें दांताचें वरचें कठीण कवच विरघळूं लागतें. आपली लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. पण तिला कांहीं वेळ सवड मिळाली पाहिजे. दिवसांतून एकदां लाडू खाणाऱ्या मुलाच्या दांतांस ही सवड मिळते. सकाळीं चहांत बुडविलेलें बिस्किट, वाटेंत गोळी, मधल्या सुटींत चॉकलेट आणि संध्याकाळीं पुन्हां बिस्किट, असें ज्याचें दिवसभर चालू असतें त्यास ती मिळत नाहीं. साखर किती खाल्ली याइतकेंच ती किती वेळां खाल्ली हें महत्त्वाचें आहे.

आतां गरिबाचेंच मूल दिवसभर असें कां चघळतें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. पहांटे कामावर जाणारी आई मुलाच्या हातांत ताजी भाकरी ठेवूं शकत नाहीं. एखादें नाणें ठेवूं शकते. त्या नाण्यास पेरू मिळत नाहीं, केळें मिळत नाहीं, गोळी मात्र मिळते. म्हणून अशा आईस आळशी किंवा अडाणी म्हणून हिणविणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं.

दुसरी एक गोष्ट अशी आहे कीं ती सुशिक्षित घरांतही फारशी कोणास ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागें एक नवी दाढ येते. तिला जागा करून देण्यासाठीं कोणताच दांत पडत नाहीं, त्यामुळें ती आली हेंही घरांत कळत नाहीं. ती किडली तर आईबाप तिला दुधाची समजतात आणि ‘पडेल व नवी येईल’ या भरंवशावर राहतात. ती कायमची असते. गेली म्हणजे पुन्हां येत नाहीं. पहिलीच्या वर्गांत बसणाऱ्या मुलाची जन्मभराची चावण्याची शक्ति अशा रीतीनें, कोणाच्या लक्षांतही न येतां, नासून जाते. दुधाच्या दाढांचेंही असेंच. त्या दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडांत राहावयाच्या असतात. त्या अकालीं गेल्या तर मागून येणारे दांत वेडेवांकडे येतात.

दाढ दुखूं लागली म्हणजे गरिबाच्या घरीं काय होतें? प्रथम लवंग. लवंगेनें भागलें नाहीं म्हणजे कोणी वडीलधारें माणूस तंबाखूची चिमूट दाढेंत धरावयास सांगतें, कोणी मशेरी लावतें, कोणी गुडाखू पुढें करितें. ठणका क्षणभर बधिर होतो खरा, पण मूल त्याच क्षणीं दुसऱ्या मोठ्या रोगाच्या उंबरठ्यावर उभें राहतें. दंतमंजनांत व टूथपेस्टमध्यें तंबाखू घालण्यास सरकारनें १९९२ सालींच बंदी केली; परंतु औषध म्हणून घरांत शिरलेली तंबाखू कायद्यास दिसत नाहीं. आणि विदर्भांत तर पानठेल्यावर खर्रा तयारच असतो. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेल्या या पदार्थानें गालाचें आंतील कातडें ताठर होत जातें, तोंड उघडेनासें होतें आणि पुढें कर्करोगाचें भय उत्पन्न होतें. दाढदुखीपासून खऱ्र्यापर्यंतचा हा मार्ग किती लहान आहे, हें आमच्या सुज्ञ वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

सरकार कांहींच करीत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें, सुरू झाला. त्याअन्वयें सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षांतून एकदां तपासणी होते, आणि ज्या रोगांचा शोध घ्यावयाचा त्यांच्या यादींत दांतांची कीडही आहे. मुखाच्या आरोग्याचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमही २०१४-१५ पासून आहे. योजना चांगली, परंतु शाळेंत येणाऱ्या पथकाची रचना दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता अशी ठरलेली आहे. त्यांत दांतांचा डॉक्टर नाहीं. पथक कीड पाहतें, कागदावर लिहितें आणि मुलास भंडाऱ्यास नेण्याची चिठ्ठी देतें. चिठ्ठी फुकट, उपचारही फुकट. पण आईची मजुरी बुडते ती फुकट नाहीं. एका खेपेंत काम झालें नाहीं तर दोन दिवस बुडतात. मग ती चिठ्ठी घरीं फळीवर पडून राहते आणि दाढ पोखरत जाते. देशांत तीनशेंवर दंतमहाविद्यालयें आहेत, तरी तेथून बाहेर पडणारे बहुतेक डॉक्टर शहरांत दवाखाना थाटतात. त्यांची वाट पाहत बसल्यास आणखी एक पिढी हातची जाईल.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: वर्षांतून एकदां तोंड पाहण्यापेक्षां रोज एकदां दांत घासून घेणें हें अधिक मोलाचें आहे, आणि हें काम शाळेनेंच केलें पाहिजे. दुपारीं पोषण आहार झाला कीं मुलें रांगेनें हात धुतातच. त्याच रांगेंत प्रत्येकाच्या हातीं त्याचा ब्रश द्यावा, त्यावर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट द्यावी आणि दोन मिनिटें दांत घासून घ्यावे. पेस्ट गिळूं नये, थुंकावी, एवढें शिकविलें कीं झालें. फ्लोराइडनें कवच कठीण होतें व झीज भरून येण्यास साह्य होतें. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या पाण्यांतच फ्लोराइड अधिक असतें. म्हणून आरंभापूर्वीं शाळेच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी हें बरें.

ही आमच्या मनची कल्पना नव्हे. स्कॉटलंडमध्यें बालवाडीपासून मुलांकडून रोज देखरेखीखालीं दांत घासून घेण्याचा व घरींही ब्रश-पेस्ट मोफत देण्याचा उपक्रम सरकारनें चालविला. तेथें २००३ सालीं पहिलीच्या वर्गांतील शेंकडा ४५ मुलांच्या दांतांस उघड कीड नव्हती. २०१८ सालीं हें प्रमाण शेंकडा ७१ वर गेलें. स्कॉटलंड श्रीमंत देश आहे असें कोणी म्हणेल, तर फिलिपाइन्स पाहावा. तेथील सरकारी शाळांतून भोंकें पाडलेल्या एका साध्या नळीखालीं मुलें ओळीनें उभीं राहून हात धुतात व दांत घासतात. एवढी नळी आपल्या गांवचा कोणताही नळकारागीर एका दिवसांत जोडून देईल.

आतां खर्चाचा हिशेब. आमचे बहुतेक वाचक व्यापारी आहेत, त्यांस तो लगेच पटेल. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें प्राथमिक शाळेचे दिवस वर्षास किमान २०० आहेत. एका वेळेस पाव ग्रॅम पेस्ट धरली तर वर्षास एका मुलामागें ५० ग्रॅम लागते. म्हणजे शंभर ग्रॅमची एक नळी दोन मुलांस वर्षभर पुरते. वर्षांत तीन साधे ब्रश धरावे. आमच्या अदमासानें सर्व मिळून एका मुलामागें शंभर-सव्वाशें रुपयांहून अधिक खर्च येणार नाहीं, आणि घाऊक घेतल्यास तो आणखी उतरेल. हा पैसा कोठून यावा? ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नाचा शेंकडा १० भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा असा नियम आहे; याहून उघड बालकल्याण तें कोणतें? तसेंच २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्याचा शेंकडा २ भाग लोकोपयोगी कामास लावावा लागतो. जेथें कारखाना आहे तेथें त्याच्या दारीं शाळा व्यवस्थापन समितीनें अर्ज घेऊन जाण्यांत कमीपणा नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आमच्या आजोबांनीं बाभळीच्या व निंबाच्या काडीनें दांत घासले आणि ते मरेपर्यंत ऊंस खात होते. काडीचा आम्हांस तिरस्कार नाहीं. राखुंडीपेक्षां ती पुष्कळ बरी. पण आजोबांच्या लहानपणीं गल्लोगल्लीं गोळ्यांच्या बरण्या नव्हत्या. रोग नवा आला तर औषधही नवें घ्यावें लागतें. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. गणना, मतदारयाद्या व नाना तऱ्हेचीं माहितीपत्रकें यांनीं त्यांची पाठ आधींच वांकली आहे. म्हणून हें काम त्यांच्या माथीं न मारतां वर्गांतील मोठीं मुलें, आहार शिजविणाऱ्या बाया व समितीवरील पालक यांनीं वांटून घ्यावें. शिक्षकानें नजर ठेवली तरी पुरे.

व्यापारी बंधूंस दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आंत अति गोड पदार्थ मुलांस विकूं नयेत असा अन्नसुरक्षेचा नियम २०२० सालीं झाला आहे, आणि तंबाखूचे पदार्थ १०० वारांच्या आंत विकण्यास २००३ च्या कायद्यानें बंदी आहे. कायद्याचा धाक घालण्यापेक्षां आम्ही त्यांच्या बुद्धीस आवाहन करितों. ज्या दुकानांत एका रुपयाची गोळी ठेवतां येते, तेथें पांच रुपयांचे भाजलेले चणे-फुटाणे व शेंगदाणेही ठेवतां येतात. नफा थोडा कमी होईल. परंतु गिऱ्हाईक दांतांसह मोठें होईल!

राहिला आधींच किडलेल्या दांतांचा प्रश्न. चिठ्ठी देऊन मोकळें होण्याऐवजीं आरोग्य खात्यानें प्रत्येक केंद्रशाळेंत वर्षांतून दोनदां ठरलेल्या दिवशीं दंतवैद्य पाठवावा. आज खोलीभर यंत्रें लागत नाहींत. कीड थांबविणारें चांदीयुक्त फ्लोराइडचें द्रव औषध व यंत्रावांचून भरतां येणारें सिमेंट, हीं दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं आवश्यक औषधांच्या यादींत घातलीं आहेत. नागपुरास सरकारी दंतमहाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांस यासाठीं वरठीपर्यंत रेल्वेनें येणें अवघड नाहीं.

मोठमोठ्या सुधारणांच्या गोष्टी आपण पुष्कळ बोलतों. त्यांस कायदे लागतात, कोट्यवधि रुपये लागतात. या एका सुधारणेस एक नळी, एक ब्रश आणि दुपारचीं दोन मिनिटें लागतात. येत्या सत्राच्या पहिल्या दिवशीं पाठ्यपुस्तकांबरोबर प्रत्येक मुलाच्या हातीं ब्रशही पडला, तर आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. तसें न झालें, तर आज पहिलींत बसलेल्या मुलाची ती नवी दाढ आणखी दोन-तीन वर्षांत पोखरून जाईल, आणि त्या वेळीं दोष किड्यास देतां येणार नाहीं.