मिशीवाली माशी

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने घरच्या मोबाइलवर काढलेला फोटो मला आणून दाखवला. कुंपणाच्या वाळक्या काटकीवर एक लांबुडकी, केसाळ माशी बसलेली आणि तिच्या पायांत अडकलेली मधमाशी. "बाई, ही गांधीलमाशीच ना?" आईलाही तसंच वाटलं होतं, ती चप्पल घेऊन धावणारच होती म्हणे!

गांधीलमाशी नव्हे, ही रॉबर फ्लाय. म्हणजे दरोडेखोर माशी. कशावरून? पंख मोजा. गांधीलमाशीला चार पंख असतात, हिला दोनच. पण फोटोत पंख मोजणं सोपं नाही, कारण गांधीलमाशीचे मागचे पंख पुढच्या पंखांना अडकलेले असतात. मग सरळ तोंडाकडे बघायचं. दरोडेखोर माशीला चक्क राठ केसांची मिशी असते! दोन टपोरे डोळे, आणि त्यांच्या मधोमध डोक्यावर खोलगट घळ. ही घळ आणि मिशी दिसली, की ओळख पटलीच समजा.

मिशी शोभेची नाही बरं का. पकडलेला किडा धडपडतो, तेव्हा तोंडाचं रक्षण तिच्यामुळे होतं असं मानतात. ही माशी उडता उडताच शिकार धरते, सोंड खुपसून आत लाळ सोडते. त्या लाळेनं किडा लुळा पडतो, त्याच्या आतलं सारं पातळ होतं, आणि मग बाईसाहेब सरबतासारखं ते ओढून घेतात!

आता खरा प्रश्न. ही नेमकी कोणत्या जातीची? मोबाइलमधल्या एका ॲपने झटकन लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं आणि त्या मुलीने ते निसर्गवहीत लिहूनही टाकलं. मी तिला पेन्सिलीने गोल करायला सांगितलं. जगात या माश्यांच्या सात हजारांहून जास्त जाती आहेत. फोटो कुठवर नेतो, ते आपणच तपासायला हवं.

फोटोत पंखाच्या शिरा स्पष्ट असतील तर मोठी मदत होते. प्रोमॅकस नावाच्या गटात पंखाच्या टोकाकडे एक जास्तीची आडवी शीर असते, त्यामुळे तिथे दोनाऐवजी तीन कप्पे होतात. दोनच कप्पे दिसले, तर ती प्रोमॅकस नव्हे. तिच्या फोटोत तीन कप्पे होते! म्हणून प्रोमॅकसचा विचार आधी करायचा. पण पुढे? पुष्कळ जातींमधला फरक नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या बारीक अवयवांत असतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. तेव्हा वहीत लिहायचं, "बहुधा प्रोमॅकस, जात कळली नाही." हे उत्तर अर्धवट वाटतं खरं, पण उद्या कुणी ती नोंद वाचली तर फसणार नाही.

सगळीकडे असंच असतं असं नाही हं. इंग्लंडच्या दक्षिण भागात आणि वेल्समध्ये एक मोठी दरोडेखोर माशी असते, जनावरांच्या शेणावर बसून शिकार हेरणारी. पोटाचा पुढचा भाग काळा, मागचा सोन्यासारखा पिवळा. तिथे तिच्यासारखी दुसरी दरोडेखोर माशी नाही, म्हणून साधा फोटोही पुरतो. लिनियस या शास्त्रज्ञाने तिला १७५८ साली नाव दिलं, असिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस. म्हणा बघू एका दमात!

काही मुलं विचारतात, मग माशी मारून काडेपेटीत आणू का? मुळीच नको. शास्त्रज्ञांना नमुने लागतात, ते ठिकाण-तारखेसह वर्षानुवर्षं जपलेही जातात. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथे हेच काम चालतं. काडेपेटीत मोडलेली माशी मात्र कुणाच्याच कामाची नाही.

फोटो काढताना एक युक्ती. माशी उडाली तरी जागेवरून हलू नका. पुष्कळदा ती शिकार घेऊन त्याच काटकीवर परत येते. एक फोटो वरून, एक बाजूने, एक तोंडाचा. ती गेली की काटकीला पट्टी लावून आणखी एक काढा, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. गावाचं नाव आणि तारीख लगेच लिहा. आणि हो, ती आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही, पण चिमटीत धरलीत तर अशी सोंड टोचेल, की बोंब मारत घरी याल!