अजून एक गाडी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सांगलीहून तापोळ्याला गेलो. साताऱ्याहून नणंद आणि तिची मुलेही आली. शिवसागराच्या पलीकडच्या गावात शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने सगळ्यांना जेवायला बोलावले होते.

कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली आणि काठावर उरलेल्यांच्या वाटा तुटल्या. तेव्हापासून लाँच हीच त्यांची एसटी. गाडी न्यायची तर तराफा. त्यावर जीप, दुचाक्या, सिमेंटची पोती, गॅसच्या टाक्या आणि माणसे, सगळे एकत्र. उन्हाळ्यात पाणी उतरते, तशी तराफा लागायची जागाही खाली खाली सरकते.

परतताना उशीर झाला. मगरिबच्या आत अलीकडे यायचे होते. तराफ्यावर एका जीपची जागा मोकळी दिसत होती.

"भाऊ, आमची गाडी घ्या ना. लहान मुलं आहेत."

"मॅडम, जागा दिसतेय, पण वजन पुरं झालंय. पुढच्या खेपेला नेतो."

मी चिडले. एका गाडीने काय होते, आम्ही किती लांबून आलो, सारे बोलून झाले. त्याने उलट उत्तर दिले नाही. दोर सोडला आणि निघून गेला.

बऱ्याच वेळाने तो परत आला. आमची जीप मधोमध घेतली, हँडब्रेक लावायला सांगितला, चाकांखाली दगड सारले आणि सगळ्यांना खाली उतरवले. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, "बेटा, मी आतच बसते."

"आजी, काही झालं तर बंद गाडीतून बाहेर पडता येत नाही," तो म्हणाला आणि स्वतःची बसायची पेटी त्यांच्यापुढे सरकवली.

मला ब्रह्मनाळ आठवले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तिथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि किती घरे उजाड झाली, हे आपण सांगलीकर विसरलेलो नाही. पाणी दारात आल्यावर 'मलाही घ्या' म्हणणाऱ्याला दोष कसा द्यायचा? पण माझ्या दारात कुठला पूर होता? मला नुसती घाई होती.

मुंबई-मांडवा मार्गावर मार्च २०२० पासून मोठी रो-रो बोट धावते. एका वेळी शेकडो माणसे आणि कितीतरी गाड्या नेते. तिथेही हिशेब हाच. किती घ्यायचे ते घाईतल्या प्रवाशाने ठरवायचे नसते. चढलेला प्रत्येक जीव ही नेणाऱ्याकडची अमानत असते.

उतरताना मी त्याची माफी मागितली. तो हसला. "रोजचंच आहे, मॅडम."

तेच मनाला लागले. रोज कुणीतरी त्याच्याशी असे भांडते, आणि तरी तो रोज 'नाही' म्हणतो.

गाडीत मुलाने विचारले, "अम्मी, ते काका बरोबर होते ना?"

वर्गात मी दिवसातून दहा वेळा 'रांगेत या' म्हणते. त्याला म्हटले, "हो बेटा. चूक माझी होती."